लाल रेघ कुठे ओढायची?

प्रीमियर पद्मिनीच्या डॅशबोर्डवर वेग दिसतो, पेट्रोल दिसतं, पाण्याचं तापमान दिसतं. ऑइलचा दाब पडला तर दिवा लागतो. इंजिन मिनिटाला किती फेऱ्या मारतंय, हे सांगणारा टॅकोमीटर मात्र तिथे नाही. मुंबईच्या रस्त्यांवर ही गाडी हजारोंनी धावत होती, तेव्हा ही उणीव कुणाला फारशी जाणवली नाही. टॅक्सीवाल्याचा कान तयार असायचा, तळपायाला फरशीची थरथर कळायची आणि स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यातून इंजिनाची खबर हाताला मिळायची. सिग्नल ते सिग्नल अशा धावेत इंजिन मर्यादेला भिडण्याची वेळही क्वचितच यायची.

आता या गाडीचं जगणं बदललं आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. उरल्या आहेत त्या हौसेनं सांभाळलेल्या खासगी गाड्या. कुणी वडिलांची गाडी पुन्हा उभी केली आहे, कुणी कोपऱ्यात सडत पडलेली विकत घेऊन रंगवली आहे. या मालकांना रविवारी सकाळी गाडी घेऊन लोणावळा गाठायचं असतं, कोकणात उतरायचं असतं, एक्स्प्रेसवेवर इतरांच्या बरोबरीनं चालायचं असतं. इंजिन बांधून झालं, पहिलं ऑइल बदललं, की त्यांच्या मनात हटकून एक प्रश्न येतो : हिला किती आरपीएमपर्यंत न्यायचं?

या प्रश्नाचं तयार उत्तर नाही. पण ते शोधता येतं. थोडं गणित, थोडी वर्कशॉपमधली तपासणी आणि थोडी धीरानं केलेली चाचणी यांतून ते हाती लागतं. मात्र हाती लागलेला आकडा ‘पद्मिनीचा’ नसतो. तो त्या एका गाडीचा, त्या एका इंजिनाचा, तेही आजच्या तारखेचा असतो. हे नीट समजलं, तर या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं चालतील. नाही समजलं, तर चांगली इंजिनं निव्वळ अज्ञानापोटी फुटतील, आणि त्यांना लागणारे सुटे भाग काही कुर्ल्यात पुन्हा बनणार नाहीत.

एका मापाचा संसार

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला तिथे अमेरिकन क्रायसलरच्या गाड्या जुळवल्या जात. १९५०च्या दशकात फियाटशी सोयरीक झाली आणि फियाट ११०० आपल्याकडे आली. मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि शेवटी पद्मिनी, अशी नावं बदलत गेली. बॉनेटखालचं मूळ माप मात्र तेच राहिलं : चार सिलिंडर, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी.

हे माप कुर्ल्याहूनही जुनं आहे. १९३७ मध्ये फियाटनं ५०८ सी ही गाडी आणली. तिच्यामागे दान्ते जाकोझा हा तरुण अभियंता होता. तिच्या इंजिनाचं मापही ६८ गुणिले ७५ हेच होतं. ते सुमारे ३२ अश्वशक्ती द्यायचं आणि ही कमाल ताकद मिळायची मिनिटाला ४००० फेऱ्यांवर. १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात नवी फियाट ११०० आली तेव्हा त्याच मापाच्या इंजिनातून ३६ अश्वशक्ती निघत होती, ४४०० फेऱ्यांना. त्याच गाडीच्या ‘टुरिझ्मो व्हेलोचे’ या चपळ आवृत्तीत दोन घशांचा वेबर कार्बोरेटर आणि वाढवलेलं कॉम्प्रेशन होतं. तिथे आकडा ५० अश्वशक्तीच्या आसपास गेला, ५४०० फेऱ्यांना.

याच फियाट ११००चं इंजिन घेऊन तोरिनोच्या पिएरो दुसिओनं महायुद्धानंतर चिसितालिया या गाड्या बनवल्या. चिसितालिया २०२ मध्ये ते ५५०० फेऱ्यांपर्यंत चढवलेलं होतं. १९४७च्या मिले मिल्या शर्यतीत ताझिओ नुव्होलारी या गाडीच्या उघड्या आवृत्तीतून दुसरा आला. पिनिनफारीनानं घडवलेली २०२ची बंद आवृत्ती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९५१ मध्ये प्रदर्शनात मांडली आणि पुढे आपल्या संग्रहातही घेतली. १९५८ मध्ये ११०० सीसीच्या मर्यादेची फॉर्म्युला ज्युनिअर शर्यत सुरू झाली, तेव्हा मोदेनाच्या स्टँग्वेलिनीनं फियाटच्याच या इंजिनाला सात हजार फेऱ्यांच्या पुढे नेलं.

म्हणजे मूळ माप एकच, आणि त्याचे आकडे चार हजारांपासून सात हजारांच्या पुढेपर्यंत. बोअर-स्ट्रोक तेच असूनही मर्यादा जवळपास दुप्पट कशी झाली? उत्तर ब्लॉकमध्ये नाही, ब्लॉकमध्ये बसवलेल्या वस्तूंमध्ये आहे. पिस्टन कुठला, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट कुठले, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग किती कडक, कॅम कसा, ऑइल किती आणि कुठपर्यंत पोचतं. ‘फियाटचं इंजिन ७००० सुद्धा खेचतं’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं नसतं. पण ते स्टँग्वेलिनीच्या इंजिनाविषयीचं सत्य आहे, ताडदेवला पासिंग होऊन वीस वर्षं प्रवासी वाहिलेल्या इंजिनाविषयीचं नव्हे.

अडीच मीटरचा हिशेब

पहिलं गणित सोपं आहे आणि पद्मिनीच्या बाबतीत तर ते तोंडी करता येतं. क्रँकच्या एका फेरीत पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे दोन स्ट्रोक, १५० मिलिमीटर. मिनिटाला १००० फेऱ्या असतील तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला अडीच मीटर येतो. पुढे फक्त पाढा म्हणायचा : ४००० फेऱ्यांना १० मीटर, ४४०० ला ११, ५००० ला साडेबारा, ६००० ला १५, ७००० ला साडेसतरा.

हा आकडा उपयोगाचा ठरतो, कारण वेगवेगळ्या इंजिनांची तुलना त्यानं करता येते. पहिल्या मिनीच्या ८४८ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ६८.२६ मिलिमीटर होता आणि ते ५५०० फेऱ्यांना आपली कमाल ताकद द्यायचं. तिथे पिस्टनचा वेग साडेबारा मीटरच येतो. मारुती ८०० चा स्ट्रोक ७२ मिलिमीटर. ५५०० फेऱ्यांना १३.२ मीटर. रोजच्या वापराच्या जुन्या छोट्या गाड्यांचे निर्माते साधारण याच पट्ट्यात राहिलेले दिसतात. सेकंदाला १५ मीटरच्या वर गेलं की साध्या ओतीव पिस्टनच्या, साध्या बोल्टच्या इंजिनानं धोक्याच्या हद्दीत पाय ठेवला असं समजावं. पद्मिनीसाठी ही हद्द ६००० फेऱ्यांवर येते. हे छत झालं. राहण्याची जागा त्याच्या बरीच खाली असते.

सरासरी वेग सगळी गोष्ट सांगत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. फॉर्म्युला वनच्या २.४ लिटर व्ही-८ इंजिनांचा स्ट्रोक जेमतेम ४० मिलिमीटर होता. ती १८,००० फेऱ्या मारायची, तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग २४ मीटरच्या आसपास असायचा. पाच हजारांवरच्या पद्मिनीच्या तो दुप्पटही होत नाही. खरा फरक आहे तो झटक्यात.

वरच्या टोकाची ओढ

पिस्टन वरच्या टोकाला पोचतो, क्षणभर थांबतो आणि उलट दिशेला खेचला जातो. या क्षणी त्याच्यावर सगळ्यात मोठा झटका बसतो. पद्मिनीच्या इंजिनात ५००० फेऱ्यांवर हा झटका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १३०० पट असतो. वर सांगितलेल्या फॉर्म्युला वनच्या इंजिनात तो आठ हजार पटींच्याही पुढे जातो.

१३०० पट म्हणजे काय, ते वजनात पाहू. पिस्टन, रिंगा आणि गजन पिन मिळून ४०० ग्रॅम धरले, तर वरच्या टोकाला कनेक्टिंग रॉडवर पाचशे किलोहून अधिक ओढ येते. मिनिटाला पाच हजार वेळा, प्रत्येक सिलिंडरमध्ये. आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच हजारांवरून साडेपाच हजारांवर गेलो तर फेऱ्या दहा टक्के वाढतात, ओढ मात्र २१ टक्के. सहा हजारांवर ती ४४ टक्क्यांनी वाढलेली असते, सात हजारांवर जवळपास दुप्पट. ‘पाचशेच तर जास्त नेली’ या वाक्यातला धोका इथे आहे. वरच्या पट्ट्यातले पाचशे आणि खालच्या पट्ट्यातले पाचशे एका मोलाचे नसतात.

पॉवर स्ट्रोकच्या वेळी वरून जळत्या वायूचा दाब असतो, तो या ओढीला थोपवतो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी मात्र वर काहीच नसतं. तेव्हा सगळी ओढ रॉडच्या मोठ्या टोकावरच्या दोन बोल्टांवर येते. उच्च फेऱ्यांवर फुटलेली इंजिनं उघडली की बहुतेकदा यातलाच एक बोल्ट तुटलेला किंवा सैल झालेला सापडतो, आणि सुटलेल्या रॉडनं ब्लॉकला पाडलेलं भोक दिसतं.

तो बोल्ट त्या दिवशीच्या एका चुकीनं तुटतो असंही नाही. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी सहज तुटते, तसं धातूचं थकणं असतं. साडेचार हजार फेऱ्यांवर तासभर चालवलं तर क्रँक दोन लाख सत्तर हजार वेळा फिरतो, आणि बोल्ट तितक्याच वेळा ताणला जाऊन सैलावतो. आठवडाभर शहरात चालणारी गाडी आणि एकाच रविवारी एक्स्प्रेसवेवर दोन तास ताणलेली गाडी यांच्या थकव्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. म्हणून सुरक्षित मर्यादा एक नसते, दोन असतात : ओव्हरटेक करताना काही सेकंद गाठायची एक, आणि तासन्‌तास चालत राहायची दुसरी. दुसरी नेहमी बरीच खाली.

स्प्रिंग थकते तेव्हा

इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाची मर्यादा निराळी असते. पद्मिनीचा कॅम खाली ब्लॉकमध्ये आहे. तिथून टॅपेट, पुश रॉड आणि रॉकर अशा साखळीतून व्हॉल्व्ह उघडतो. तो बंद करण्याचं काम स्प्रिंगचं. फेऱ्या वाढतात तसा स्प्रिंगला मिळणारा वेळ कमी होतो. एका मर्यादेपलीकडे व्हॉल्व्ह कॅमच्या मागे धावू शकत नाही, तरंगत राहतो. याला व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. तेव्हा आवाजात एक कोरडी फडफड येते, गाडीचा जोर अचानक मावळतो, ॲक्सिलरेटर दाबूनही काही मिळत नाही. तरंगणाऱ्या व्हॉल्व्हला वर येणाऱ्या पिस्टननं गाठलं, तर पुश रॉड वाकतो किंवा व्हॉल्व्हच मोडतो.

कारखान्यातून आलेली स्प्रिंग जिथे तग धरत होती, तिथे तीस-चाळीस वर्षं दाबली गेलेली स्प्रिंग धरेलच असं नाही. ती बाहेरून तशीच दिसते, पण तिची मोकळी उंची कमी झालेली असते, ताकद उतरलेली असते. हेड उघडलं की आठही स्प्रिंग शेजारी-शेजारी उभ्या करून पाहाव्यात आणि स्प्रिंग टेस्टरवर ठरावीक उंचीला किती किलो दाब देतात ते मोजावं. एखादी जरी कमी भरली तरी पूर्ण संच बदलावा. खर्चाच्या मानानं याहून मोठा विमा दुसरा नाही.

इग्निशनलाही स्वतःची मर्यादा असते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेरीला दोन ठिणग्या लागतात. पाच हजारांवर मिनिटाला दहा हजार ठिणग्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट तेवढ्याच वेळा उघडायचा आणि मिटायचा. त्याच्या पट्टीची स्प्रिंग ढिली असेल तर पॉइंट उसळतो आणि इंजिन मिस मारतं. तो मिस हा सुरक्षा-झडपेसारखा आहे असं समजून दुर्लक्ष करू नये. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. मुद्दाम ठिणगी तोडायचीच असेल तर त्यासाठी वेगळे रोटर होते. पोर्शेच्या जुन्या गाड्यांत रोटरमध्येच स्प्रिंगवर बसवलेलं वजन असायचं. ठरलेल्या फेऱ्यांवर ते बाहेर फेकलं जाऊन ठिणगी जमिनीत उतरवायचं.

आणि शेवटी, इंजिनाला दम लागतो. एका छोट्या कार्बोरेटरमधून आणि छोट्या व्हॉल्व्हमधून ठरावीक वेळात ठरावीक हवाच आत येते. कमाल ताकदीचा टप्पा ओलांडला की फेऱ्या वाढतात, ताकद घटते. १९५३च्या साध्या ११०० मध्ये हा टप्पा ४४०० वर होता. पुढच्या सुधारित आवृत्त्यांत तो ५००० च्या आसपास सरकला. त्यापलीकडे ताणून गाडी वेगानं जात नाही, नुसती झिजते. कारखान्यानं छापलेला कमाल ताकदीचा आकडा ही म्हणूनच निर्मात्यानं आपल्याला दिलेली सगळ्यात प्रामाणिक सूचना आहे.

मिनीनं शिकवलेलं

या विषयावर ब्रिटनमधल्या मिनीकडून शिकण्यासारखं खूप आहे, कारण छोट्या इंजिनाला इतक्या जिद्दीनं कुणी वर नेलं नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिसची मिनी आली ती ८४८ सीसी इंजिन घेऊन. चाचणीच्या गाड्यांना ९४८ सीसी इंजिन होतं आणि त्या ताशी ९० मैलांच्या पुढे जात होत्या. इतक्या छोट्या गाडीला ते जास्त वाटल्यानं इंजिन लहान केलं गेलं.

१९६१ मध्ये शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या जॉन कूपरच्या नावानं मिनी कूपर आली. तिला हजार सीसीच्या वर्गात बसवायचं होतं म्हणून स्ट्रोक वाढवून ८१.२८ मिलिमीटर केला गेला. कमाल ताकद ६००० फेऱ्यांवर. त्या वेगाला पिस्टनचा सरासरी वेग १६ मीटरच्या वर जातो. लांब स्ट्रोक, जास्त फेऱ्या आणि तीनच मेन बेअरिंगवर तोललेला क्रँक, अशी ही जोडणी होती. १९६३ची कूपर एस बनवताना अभियंत्यांनी उलटी वाट धरली. स्ट्रोक पुन्हा ६८.२६ वर आणला, बोअर ७०.६ पर्यंत वाढवला आणि क्रँक नायट्राइड केलेल्या खास पोलादाचा केला. याच १०७१ सीसी गाडीतून पॅडी हॉपकर्कनं १९६४ची माँटे कार्लो रॅली जिंकली. त्याच वर्षी आलेल्या ९७० सीसीच्या एस मध्ये स्ट्रोक ६१.९१ पर्यंत खाली आणला होता.

यातून मालकानं घ्यायचा धडा असा : ज्यांना फेऱ्या हव्या होत्या त्यांनी धातू बदलला, स्ट्रोक बदलला, बेअरिंगकडे लक्ष दिलं. नुसतं टॅकोमीटरवरची लाल रेघ वर सरकवून कुणी जिंकलं नाही.

पद्मिनीचा क्रँकही तीन मेन बेअरिंगवरच फिरतो. दोन बेअरिंगच्या मध्ये दोन-दोन क्रँकपिन लटकतात. फेऱ्या वाढल्या की क्रँक किंचित वाकतो आणि मधल्या बेअरिंगवरचा भार वाढत जातो. शिवाय चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात फेऱ्यांच्या दुप्पट गतीनं येणारा एक कंप मुळातच असतो, तो कितीही तोललं तरी जात नाही. ठरावीक आरपीएमला आरसा थरथरतो, दाराची काच वाजते, आणि त्याच्या पुढे-मागे गाडी शांत असते, हा अनुभव प्रत्येक पद्मिनीवाल्याला असतो. अशा पट्ट्यात गाडी जास्त वेळ ठेवू नये. तो टप्पा पार करावा किंवा त्याच्या खाली राहावं.

गॅरेजमध्ये काय पाहायचं

कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांची दुकानं आहेत, आणि मुंबई-पुण्यात अजून असे मिस्त्री आहेत ज्यांचं उभं आयुष्य फियाटवर गेलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग बोलतंय हे ते ओळखतात. त्यांच्या कानाला तोड नाही. पण मर्यादा ठरवताना कानाच्या जोडीला माप हवं.

इंजिन खोललेलं असेल तर चार गोष्टी आग्रहानं करून घ्याव्यात. पहिली, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकची चीर-तपासणी. चुंबकीय पद्धतीनं डोळ्यांना न दिसणारी चीर उघड होते. दुसरी, रॉडचे बोल्ट आणि नट नवे, आणि टॉर्क रेंचनं पुस्तकातल्या मापाला कसलेले. हाताच्या अंदाजानं कसलेला बोल्ट कमी कसला तर सुटतो, जास्त कसला तर ताणून कमजोर होतो. तिसरी, पिस्टनचं वजन. बोअर केलेल्या इंजिनात ओव्हरसाइझ पिस्टन येतात आणि बाजारातले चार पिस्टन एकाच वजनाचे असतील असं गृहीत धरू नये. पाच हजार फेऱ्यांवर एका ग्रॅमचा फरक सव्वा किलोहून अधिक ओढीचा फरक होतो, त्यामुळे चारही संच काट्यावर तोलून सारखे करावेत. चौथी, ग्राइंड केलेल्या क्रँकच्या जर्नलच्या कडेला असलेली गोलाई शाबूत आहे का. ती कापून कोपरा काटकोनी केला असेल तर क्रँक नेमका तिथूनच तुटतो.

इंजिन न खोलता मर्यादा ठरवायची असेल तर कॉम्प्रेशन मोजावं, टॅपेटचं अंतर पाहावं आणि ऑइल प्रेशरचा खरा गेज जोडावा. डॅशबोर्डवरचा दिवा लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. ऑइल पुरतं गरम झाल्यावर दर हजार फेऱ्यांमागे दहा पीएसआय दाब असावा, हा जुना वर्कशॉपचा नियम चांगला आहे. फेऱ्या वाढूनही दाब वाढत नसेल किंवा काटा थरथरत असेल, तर तिथेच थांबावं. तीच त्या इंजिनाची आजची मर्यादा.

टॅक्सीतून आलेल्या गाडीबद्दल आणखी एक काळजी. बऱ्याच पद्मिनी शेवटची वर्षं सीएनजीवर चालल्या आणि गॅस कोरडा जळतो. त्यात १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. व्हॉल्व्हच्या सीटला शिशाचं मिळणारं संरक्षण गेलं. सीट मऊ असेल तर ताणलेल्या फेऱ्यांवर व्हॉल्व्ह हळूहळू आत बसत जातो, टॅपेटचं अंतर कमी होतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात ऑक्सिजन असल्यानं कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणावर पूर्ण ॲक्सिलरेटरला पिस्टन आणि व्हॉल्व्ह जास्त तापतात. जेट तपासून घेतल्याशिवाय कुठल्याही मर्यादेला अर्थ नाही.

घाट उतरताना

बहुतेकांना वाटतं, इंजिन ताणलं जातं ते ॲक्सिलरेटर दाबल्यानं. जुन्या छोट्या गाडीला त्याहून मोठा धोका ॲक्सिलरेटर सोडल्यावर असतो. तो समजण्यासाठी आपल्या गाडीचं एक माप काढून ठेवावं.

सपाट जागी गाडी उभी करा, चारही प्लग काढा, टॉप गिअर टाका. क्रँकच्या पुलीवर खडूनं खूण करा. एकानं पुलीकडे पाहावं, दुसऱ्यानं गाडी हळू ढकलावी. पुलीच्या दहा फेऱ्यांना गाडी किती पुढे गेली ते टेपनं मोजा. समजा सव्वाचार मीटर भरलं, तर हजार आरपीएमला ताशी साडेपंचवीस किलोमीटर. हाच प्रयोग इतर गिअरवर केला की प्रत्येक गिअरचं माप मिळतं.

या मापानं, आणि दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.३८ धरून, साडेचार हजारांची मर्यादा पाळायची तर दुसरा ताशी ४८ वर सोडायला हवा. आता खंडाळ्याचा घाट उतरणं डोळ्यांसमोर आणा. ब्रेक तापू नयेत म्हणून दुसरा गिअर टाकलेला, उतारानं गाडी साठवर गेलेली. इंजिन साडेपाच हजारांच्या वर फिरतंय आणि चालकाचा पाय तर ॲक्सिलरेटरवर नाहीच. अशा वेळी सिलिंडरमध्ये वायूचा दाब जवळपास नसतो, उलट बंद थ्रॉटलमुळे निर्वात असतो. रॉडला ओढीपासून वाचवणारं काही उरत नाही. कुठलाही इलेक्ट्रॉनिक लिमिटर इथे कामाचा नाही, कारण ठिणगी तोडली तरी चाकं इंजिनाला फिरवतच राहतात. त्याहून वाईट म्हणजे चुकीचा गिअर पडणं. ताशी ८० वर टॉपमधून तिसरा टाकायला जावं आणि स्टिअरिंगवरच्या दांड्यानं दुसरा पकडावा, की क्लच सोडताक्षणी इंजिन साडेसात हजारांकडे फेकलं जातं.

म्हणून घाटात आधी ब्रेकनं वेग कमी करावा, मग खालचा गिअर टाकावा, आणि त्या गिअरच्या ठरवलेल्या वेगाखालीच राहावं. फोक्सवॅगन बीटलच्या स्पीडोमीटरवर प्रत्येक गिअरच्या कमाल वेगाच्या लाल खुणा असायच्या. पद्मिनीच्या मालकानं अशा खुणा स्वतः कराव्यात, किंवा आकडे सन व्हायजरच्या मागे चिकटवावेत.

आकडा ठरवणं

एवढी तयारी झाली की कॉइलला जोडायचा एक चांगला टॅकोमीटर घ्यावा आणि मर्यादा खालून वर शोधावी. ज्या इंजिनाच्या आत काय आहे ते ठाऊक नाही, त्याला ४००० च्या पुढे नेऊ नये. तिथे पिस्टनचा वेग १० मीटर असतो आणि १९३७ पासून हे माप त्या वेगाला सुखानं चाललं आहे. खोलून, तपासून, नव्या बोल्टांवर बांधलेल्या इंजिनाला पहिले एक-दोन हजार किलोमीटर साडेतीन हजारांत ठेवावं. मग पाचशे-पाचशेनं वर जावं. प्रत्येक पायरीवर ऑइलचा दाब, तापमान, कंप आणि खेच पाहावी. खेच मंदावली, दाब अडला किंवा कंप वाढला की त्या आकड्याच्या दहा टक्के खाली आपली रेघ ओढावी. सुस्थितीतल्या पद्मिनीसाठी, माझ्या मते, ही रेघ क्षणभरासाठी ५००० आणि सलग प्रवासासाठी ३५०० ते ३८०० यांच्या पलीकडे जाऊ नये. हजार आरपीएमला साडेपंचवीस किलोमीटर या मापानं ताशी १०० ला ३९०० फेऱ्या पडतात, ताशी ८० ला ३१००. एक्स्प्रेसवेवर डावीकडच्या लेनमधून ऐंशीनं जाणारी पद्मिनी हळू नाही. ती आपल्या इंजिनाला योग्य त्या वेगानं चालली आहे.

मर्यादा खालच्या बाजूलाही असते, हेही सांगायला हवं. पेट्रोल वाचवण्यासाठी टॉप गिअरमध्ये ताशी पंचवीसनं चढ चढवणं, इंजिन गुरगुरत असताना ॲक्सिलरेटर दाबत राहणं, ही सवय बेअरिंगला तितकीच मारक आहे. कमी फेऱ्यांवर ऑइलचा दाब कमी, बेअरिंगमधला थर पातळ आणि वरून पूर्ण दाबानं जळणारा वायू. इंजिन ठोका देऊ लागलं की एक गिअर खाली यावं. ताण टाळणं म्हणजे इंजिनाला झोपवणं नव्हे. दोन हजार ते साडेतीन हजार या पट्ट्यात हे इंजिन सगळ्यात सुखी असतं, आणि त्यात मोकळेपणानं फिरवलं तर गाडी चालवण्याचा आनंदही तिथेच आहे.

या सगळ्यातून आलेला आकडा कागदावर लिहून ठेवावा, अशी माझी प्रत्येक मालकाला कळकळीची विनंती आहे. नुसता आकडा नव्हे. पिस्टन कुठल्या मापाचे, क्रँक किती ग्राइंड केलेला, बोल्ट कधी बदलले, गरम ऑइलचा दाब किती, कुठल्या तारखेला ठरवलं, सगळं. गाडी विकताना किंवा मुलांच्या हाती देताना तो कागद आरसी बुकासोबत द्यावा. आपल्याकडे जुन्या गाड्यांचं ज्ञान आजवर मिस्त्रींच्या कानांत आणि हातांत राहिलं, आणि ते कान, ते हात आता थकत चालले आहेत. कुर्ल्यात पद्मिनी बनणं थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. जी इंजिनं आज चालू आहेत तेवढीच आपल्यापाशी आहेत. त्यातलं प्रत्येक इंजिन किती सोसू शकतं हे मोजून, समजून, लिहून पुढच्या माणसाला सांगणं, ही त्या गाडीच्या मालकीची खरी जबाबदारी आहे.